आमची वाटचाल : परत आलेल्या 31 जोड्या

दादांकडे लेथ होता आणि माझ्याकडे मिमीचे बारीक अंश मोजणारा काटा, म्हणजे एक डायल गेज. एवढ्या भांडवलावर आम्ही मोटरसायकलच्या चाकांच्या धंद्यात उतरलो. रिमचा आऊट, म्हणजे फिरताना दिसणारा डगमगाट, काढायचा, स्पोक बदलायचे, बेअरिंग ठोकायची, हीच कामं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आऊटची मर्यादा बहुधा 2 मिमी लिहिलेली असते. दादा अर्ध्या मिमीच्या आत आल्याशिवाय चाक स्टँडवरून उतरवू देत नसत. गिऱ्हाईक कुठे मोजायला बसलंय, असं मी म्हटलं की म्हणायचे, "मी मोजतोय ना."

पुढे मिलिंग मशीन कर्जावर घेतलं आणि 6061 या अॅल्युमिनियमच्या फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) ब्लँकमधून चाकं काढायला लागलो. दादांचा कान असा की कटर बोथट व्हायला लागला की चहाचा कप खाली ठेवून ते उठायचे, मशीनकडे पाहायचेसुद्धा नाहीत. मॅग्नेशियमही करून पाहिलं. त्याची घनता 1.74, अॅल्युमिनियमची 2.7, त्यामुळे मोह होतोच. पण बुराचा ढीग पेटला तर त्यावर पाणी टाकता येत नाही, कोरडी वाळूच लागते, आणि कोटिंगला ओरखडा गेला की गंज आत शिरतो. दोन जोड्या करून तो नाद सोडला.

त्या काळातलं आमचं खरं हत्यार म्हणजे तीन तारा. छताच्या पाइपला दोन-दोन मीटरच्या तीन तारा बांधल्या, खाली हूक लावले आणि चाक आडवं टांगलं. थोडं पिळून सोडायचं आणि स्टॉपवॉच घेऊन 20 झोके मोजायचे. एकदा दोन वेगळ्या डिझाइनची चाकं टांगली. वजनकाट्यावर दोन्ही 3.9 किलो. एकाला 20 झोक्यांना 46 सेकंद लागले, दुसऱ्याला 51. वजन आणि तारा सारख्या असतील तर जडत्व वेळेच्या वर्गाने वाढतं, म्हणजे दुसऱ्याचं जडत्व सुमारे 23 टक्के जास्त. त्याचा माल रिमच्या कडेला होता, पहिल्याचा हबकडे. हब कोरून 200 ग्रॅम वाचवलेले जाहिरातीत छान दिसतात, वळणावर गाडी टाकताना मात्र रिममधले 100 ग्रॅम आधी कळतात. त्या दिवसापासून आम्ही वजन सांगताना झोकेही सांगायला लागलो. गिऱ्हाइकं हसायची.

मग ती ऑर्डर आली. एका डीलरला ऑफरोड गाड्यांवर रस्त्याची चाकं बसवून विकायची होती. पुढचं 21 इंची चाक काढून 17 इंची, मागचं 18 काढून 17. एकूण 31 जोड्या. आमच्यासाठी ही वर्षभराची कमाई होती. माल वेळेत दिला आणि दोन महिन्यांत फोन सुरू झाले. नव्वदच्या वेगापुढे खड्डा लागला की हँडल फडफडतं. आधी एक फोन, मग तीन, मग रोज. एक मुलगा पडला, त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. डीलरने पैसे अडवले आणि सगळा माल परत पाठवला.

अकरा रात्री मी आणि दादा ती 62 चाकं स्टँडवर चढवत होतो. डायलचा काटा एकाही चाकावर 0.4च्या पुढे गेला नाही. बॅलन्स ठीक होता. दोन बेअरिंगच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, आम्ही मुद्दाम केसभर लांब ठेवतो, तोही सगळीकडे बरोबर होता. चाकात दोष सापडला असता तर बरं झालं असतं, निदान दुरुस्त तरी केला असता. दादा म्हणाले, माल परत घ्यायचा नाही, आपली चूक नाही. मी म्हटलं, पोरगं पडलंय. त्यावरून आमचं वाजलं, ते पुरतं मिटलं नाही कधी. मी माल परत घेतला. मशीनचे चार हप्ते थकले.

याच सुमारास आमच्याहून मोठ्या एका चाकवाल्याचा माणूस डीलर लोकांकडे फिरत होता. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्याचं म्हणणं एकच : फोर्ज्ड चाक हलकं असतं, त्यात भोवऱ्याचा जोर राहत नाही, म्हणून हँडल हलतं, जड कास्ट (ओतीव) चाकच सुरक्षित. ऐकायला अगदी शास्त्रीय. तीन डीलर तुटले.

आमचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, शाळेत विज्ञान शिकवणारे सर. आम्ही फक्त आऊट काढत होतो तेव्हापासूनचे. त्यांच्याकडे एक वही असायची. फोर्क किती वर, हवा किती, टायर कोणता, वळणात काय वाटलं, सगळं पेन्सिलीने. कोपरे तेलाने पिवळे झालेले. ते आले, चाकांकडे पाहिलंही नाही. म्हणाले, गाडी आणा.

गाडी सपाट फरशीवर सरळ उभी केली. सरांनी पुढच्या अॅक्सलवरून ओळंबा सोडला, फरशीवर खडूची खूण केली. मग हँडल ज्यावर वळतं त्या कोनसेटच्या मध्यरेषेच्या दिशेने दोरी ताणून ती जिथे जमिनीला टेकते तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल, हँडल सरळ ठेवतो तो हाच. 83 मिमी. मग मूळ चाकं चढवून तेच केलं. 112.

मी तिथेच बसलो. 21 इंची चाक टायरसकट मध्यापासून जमिनीपर्यंत 345 मिमी होतं, आमचं 300. त्यात मागच्यापेक्षा पुढचं जास्त खाली आलं, म्हणून रेकही, म्हणजे त्या मध्यरेषेचा उभ्यापासूनचा कल, 27 अंशांवरून 26 झाला. टी म्हणजे फोर्कचे दोन पाय धरणारा जोड; त्याचा ऑफसेट, म्हणजे त्या मध्यरेषेपासून फोर्क किती पुढे ते अंतर, मात्र मोठ्या चाकासाठी होता तेवढाच राहिला. जवळपास 29 मिमी ट्रेल आम्ही खाल्ला होता आणि दोष शोधत होतो रिममध्ये. हलक्या चाकाला आणि लहान चाकाला आम्ही एकच समजत होतो.

भोवऱ्याच्या गोष्टीवर सरांनी 1970 सालचं उदाहरण दिलं. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने सायकलला जमिनीला न टेकणारं जादा चाक लावून ते उलट फिरवलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम रद्द. तरी सायकल चालवता येत होती. मग त्याने पुढचं चाक पुढे सरकवून ट्रेल उलटा केला, तेव्हा मात्र ती सांभाळणं अवघड झालं. मोटरसायकल म्हणजे सायकल नव्हे, वेगात चाकाचा भोवरा मोजावाच लागतो, हे सरांनीच पुढे जोडलं. शंभरच्या वेगाला 300 मिमीचं चाक मिनिटाला 880च्या वर फेरे घेतं. पण म्हणून गेलेले 29 मिमी विसरायचे?

उपाय टीमध्ये होता. 7075 या कणखर अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून ऑफसेट 8 मिमीने कमी केलेल्या वरच्या-खालच्या टी कापल्या. त्या रेकला ऑफसेट 1 मिमी कमी केला की ट्रेल 1.1 मिमी वाढतो. 83चा 92 झाला. मूळ आकड्यावर नेला नाही, कारण रस्त्याच्या गाडीला चपळपणा हवाच असतो. सरांनी पहिली गाडी चालवली, परत आले, हेल्मेट न काढता वहीत दोन शब्द लिहिले : "हात मोकळे." सोळा जणांनी चाकं पुन्हा घेतली, टीसकट. बाकीचे आले नाहीत आणि डीलरचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

दादा त्या वर्षअखेरीस वेगळे झाले. लेथ घेऊन गेले, डायल ठेवून गेले.

त्यानंतरची नऊ वर्षं काम मिळत राहिलं, चार पोरं हाताखाली आली, मशीन बदललं.

एवढ्यात शिकलेलं थोडं सांगतो. हलकं चाक बसवलं की लगेच फोर्क 10 मिमी वर सरकवू नका. 1400 मिमी व्हीलबेसच्या गाडीत एवढ्याने रेक सुमारे 0.4 अंशाने आणि ट्रेल 2 मिमीने बदलतो, आणि मग फरक चाकाचा की फोर्कचा हे देवालाही सांगता येणार नाही. दोन-तीन मिमी सरकवा, त्याच रस्त्यावर चालवा, लिहून ठेवा. त्याआधी कोनसेट तपासा. हँडलच्या टोकाला स्प्रिंग काटा लावून ओढा, कुठे अडकतं ते कळतं. गोटीने घर केलेल्या कोनसेटवर भूमिती बदलणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं. झिजलेल्या टायरवर तर काहीच ठरवू नका. चाक हलकं झाल्यावर रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत येताना लागणारा रोध) एक-दोन क्लिक सैल करून पाहा. आणि हँडल फडफडतं म्हणून आधी स्टीअरिंग डॅम्पर विकत घेणाऱ्यांना मी सांगतो, आधी ओळंबा विकत घ्या.

त्या मोठ्या चाकवाल्याचं राहिलं. आमच्या टी बाजारात आल्यावर दोन वर्षांनी त्यांनीही टी काढल्या. ऑफसेट तोच. एक जोडी आमच्याकडे आली तेव्हा मी ती उलटी केली. आमच्या पहिल्या लॉटमध्ये फिक्स्चर (ठोकळा धरणारी पकड) सरकल्यामुळे खालच्या टीच्या डाव्या बोल्टच्या भोकाचं चँफर, म्हणजे कडेचा तिरपा काप, अर्धा मिमी एका बाजूला गेलं होतं. दादांनी पुढच्या लॉटमध्ये ते सुधारलं. यांच्या टीवर ते चँफर तसंच होतं, त्याच बाजूला.

गेल्या महिन्यात एक मुलगा त्यांची नवी टी घेऊन बेअरिंग बसवायला आला. मी तोच जुना डायल काढला आणि आधी ते भोक तपासलं. अर्धा मिमी, डावीकडे.