कृत्तिका नक्की किती लांब? गाया आणि तो एररचा कॉलम

गाया, म्हणजे ताऱ्यांच्या जागा मोजणारं युरोपचं यान, म्हटलं की सगळे तो आकाशगंगेचा रंगीत नकाशा शेअर करतात. छानच आहे तो, माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर पण तोच आहे. पण मला विचाराल तर गायाची खरी कमाई नकाशात नाहीये, ती डेटाच्या टेबलमधल्या एका रुक्ष कॉलममध्ये आहे, पॅरॅलॅक्स एरर. पॅरॅलॅक्स म्हणजे लंबन: पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तारा वर्षभरात किंचित डुलल्यासारखा दिसतो तो कोन, जेवढा तारा जवळ तेवढा मोठा, त्यावरूनच अंतर निघतं. तर लंबन किती ते सांगितलंच, पण त्यात किती इकडेतिकडे होऊ शकतं ते पण प्रत्येक ताऱ्यापुढे वेगळं लिहून दिलंय, आणि असे लंबन दिलेले तारे डीआर३ मध्ये (गायाने जाहीर केलेला तिसरा डेटा) जवळपास 146 कोटी आहेत.

याचं एवढं काय कौतुक, तर त्यासाठी कृत्तिकांची भानगड माहीत पाहिजे. थंडीच्या दिवसात संध्याकाळी वर बघितलं की शहरातून पण दिसतो तो सहा-सात ताऱ्यांचा झुबका. आता हे लहान मुलं पण ओळखतात, त्याचं अंतर काय अवघड असणार? तर 1997 पर्यंत सगळ्यांचं मत साधारण 133 पारसेकच्या आसपास होतं, म्हणजे 430-435 प्रकाशवर्षं. मग हिप्पार्कोसचा कॅटलॉग आला. हिप्पार्कोस म्हणजे गायाचा आधीचा भाऊ, 1989 मध्ये सोडला, ठरलेल्या कक्षेत पोचवणारी मोटर पेटलीच नाही त्यामुळे भलत्याच लंबुळक्या कक्षेत अडकला, तरी गड्याने 1993 पर्यंत काम करून सुमारे 1,18,000 तारे मोजले. आणि त्याच्या मते कृत्तिका 120 पारसेकच्या पण अलीकडे! (नंतर तो डेटा परत पहिल्यापासून प्रोसेस केला तरी उत्तर 120 च्या आसपासच.)

आता 120 की 135, एवढा दहा-बारा टक्क्यांचा फरक, त्यात काय, असं वाटेल. पण अंतर बदललं की ताऱ्याचं मूळ तेज बदलतं, आणि तेज अंतराच्या वर्गाने जातं, म्हणजे कृत्तिकांचे तारे आपण समजत होतो त्यापेक्षा वीसएक टक्के मंद निघतात. मग एक तर ताऱ्यांची थिअरी कुठेतरी चुकतीये नाहीतर उपग्रह. यावर पंधरा-वीस वर्षं पेपरवर पेपर निघाले. 2014 मध्ये रेडिओ दुर्बिणी एकमेकींपासून हजारो किलोमीटरवर ठेवून मोजलं तर 136 आलं, तरी वाद मिटेना. मग गाया आला, आणि 2018 च्या डीआर२ मध्ये उत्तर आलं 136 च्या जवळपास. हिप्पार्कोसवाले हरले. पण गंमत बघा, हिप्पार्कोसने पण एरर दिलीच होती, फक्त ती खूपच कमी धरली गेली होती. आकडा चुकणं परवडतं हो, आपण किती चुकू शकतो याचा अंदाज चुकला की लोकांची वर्षं जातात.

हे मी वाचून सोडून दिलं असतं, पण गायाचा डेटा फुकट आहे, कोणीही उतरवून घ्या, लॉगिन पण लागत नाही. मी कृत्तिकांभोवतीचा दोनएक अंशाचा गोल मागवला आणि टॉपकॅट नावाच्या टेबलं-ग्राफ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. आधी नुसता ढीग दिसतो, मागचे-पुढचे सगळे तारे एकत्र. मग मी अंतर बाजूला ठेवून फक्त प्रत्येक तारा आकाशात वर्षाला किती सरकतो ते प्लॉट केलं. बहुतेक तारे शून्याभोवती गर्दी करून बसलेत, आणि त्यांच्यापासून लांब एका बाजूला एक छोटा घट्ट ठिपक्यांचा पुंजका, पूर्वेकडे 20 आणि दक्षिणेकडे 45 मिलिआर्कसेकंद (कोनाचं बारीक एकक, नेमकं किती ते पुढे सांगतो). तेच कृत्तिका! सगळे एकाच दिशेला, एकाच वेगाने निघालेले, पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीसारखे. तेवढेच सिलेक्ट केले आणि लंबनाचा हिस्टोग्राम काढला तर 7.36 मिलिआर्कसेकंदांच्या आसपास टोक. हजाराला त्याने भागलं की अंतर पारसेकमध्ये मिळतं, 136 पारसेक. जेवण झाल्यावर सोफ्यावर बसून.

त्याच ताऱ्यांचा रंग आणि तेज याचा ग्राफ काढला तर अजून मजा, तिरकी स्वच्छ रेघ येते आणि तिच्या थोडी वर समांतर दुसरी पुसट रेघ. ती वरची म्हणजे जोडतारे, दोन सारखे तारे इतके चिकटून की गायाला एकच दिसतात, प्रकाश दुप्पट म्हणून 0.75 मॅग्निट्यूड (ताऱ्यांचं तेज मोजायचं माप) वर. हे मला कोणी सांगायच्या आधी स्क्रीनवर दिसलं आणि मी खुर्चीतून उठलोच.

बरं, 7.36 मिलिआर्कसेकंद म्हणजे किती, तर एका अंशाचे 3600 भाग, त्यातल्या एकाचे परत हजार, त्यातले सातच्या वर थोडे. आणि यातली एरर बऱ्यापैकी तेजस्वी ताऱ्यांना 0.02 वगैरे, म्हणजे एकेका ताऱ्याचं अंतर प्रकाशवर्ष-सव्वा प्रकाशवर्षाच्या फरकाने! गायाचा एक पिक्सेल 59 मिलिआर्कसेकंदांचा, म्हणजे पिक्सेलच्या तीन हजाराव्या भागाच्या गोष्टी चालल्यात. हे एका फोटोत होत नाही. यान सहा तासात स्वतःभोवती एक फेरी मारायचं, तारा एका सीसीडीवरून (कॅमेऱ्याच्या चिपवरून) साडेचार सेकंदात सरकायचा आणि त्याच वेगाने चिपमधला चार्ज पण पुढे ढकलत न्यायचे म्हणजे प्रतिमा फरफटायची नाही, आणि असं वर्षानुवर्षं, परत परत. दुर्बिणी दोन, मधे 106.5 अंशांचा कोन. एकाच दुर्बिणीत शेजारशेजारचे तारे बघितले तर ते लंबनामुळे जवळपास एकत्रच डुलतात, मग फक्त एकमेकांच्या तुलनेत कोण जवळ ते कळतं. लांबच्या दोन दिशा एकाच चिपसमूहावर आणल्या की खरा आकडा मिळतो.

पण मग तो कोन हलता कामा नये. आणि तो हलला. फिरताना सूर्याची ऊब बदलते तसा मिलिआर्कसेकंदाच्या आसपास वरखाली व्हायला लागला, अपेक्षेपेक्षा बराच जास्त. यानावर लेझर लावून तो सतत मोजायची सोय होती म्हणून निभावलं, तरी थोडं उरलंच. ते किती उरलं हे कसं शोधलं, तर क्वेझार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांची झगमगती केंद्रं! ते इतके लांब की त्यांचं लंबन शून्यच यायला पाहिजे, पण सरासरी आलं उणे 0.017 मिलिआर्कसेकंद. म्हणजे सगळं मोजमाप तेवढं खाली सरकलंय. हे लपवायच्या ऐवजी त्यांनी त्यावर अख्खा पेपर लिहिला, कुठल्या रंगाच्या-तेजाच्या ताऱ्याला किती दुरुस्ती करायची त्याच्या फॉर्म्युल्यासकट.

तुम्ही डेटा उतरवलात तर अजून एक गोष्ट दिसेल, कितीतरी ताऱ्यांचं लंबन चक्क उणे. घाबरू नका आणि मुख्य म्हणजे त्या ओळी उडवू नका. लांबच्या मंद ताऱ्याचं लंबन एररपेक्षा लहान असतं, मग मोजमाप कधी वर पडणार कधी शून्याच्या खाली. फक्त उणे तेवढे काढून टाकले तर उरलेली सरासरी जवळच्या बाजूला झुकते.

यान आता बंद आहे, जानेवारी 2025 मध्ये फिरणं सांभाळणारा गॅस संपत आला म्हणून निरीक्षणं थांबवली आणि मार्चमध्ये स्विच ऑफ केलं. पण डेटा अजून यायचाय. डीआर३ मध्ये फक्त 34 महिन्यांचं काम आहे, डीआर४ मध्ये साडेपाच वर्षांचं, डिसेंबर 2026 ला येईल म्हणतायत. त्यात सरासरी नाही तर प्रत्येक वेळेची वेगवेगळी मोजमापं पण मिळणार, आणि याच डेटाची आधी तपासणी करताना 33 सूर्यांएवढं कृष्णविवर सापडलं, दोन हजार प्रकाशवर्षांवर, नुसत्या सोबतच्या ताऱ्याच्या डुलण्यावरून. माझं लक्ष मात्र त्या वरच्या पुसट रेघेवर आहे. त्यातल्या किती जोड्या डुलताना दिसतात ते बघायचंय, त्यासाठी आधी लॅपटॉपला मोठी डिस्क घ्यावी लागेल, घरी अजून विषय काढलेला नाही.