बीआयएमचा फाउंडेशन स्तर : माझा अनुभव

पुण्यातील एका अभियांत्रिकी कार्यालयात मी नऊ वर्षांपासून रेव्हिट या सॉफ्टवेअरवर इमारतींची मॉडेल तयार करते. ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीची रेव्हिटची व्यावसायिक परीक्षा मी पूर्वीच उत्तीर्ण झाले होते आणि तेच बीआयएमचे, म्हणजे इमारतीची माहिती डिजिटल मॉडेलच्या आधारे सांभाळण्याच्या पद्धतीचे, प्रमाणपत्र, असा माझा समज होता. ब्रिटनमधील एका रुग्णालयाचे काम आमच्याकडे आले आणि आयएसओ १९६५०, म्हणजे बीआयएममधील माहितीच्या व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, जाणणारे लोक तुमच्याकडे किती आहेत, अशी विचारणा झाली, तेव्हा तो समज दूर झाला.

ऑटोडेस्कची परीक्षा एका सॉफ्टवेअरवरील प्रभुत्व तपासते. बिल्डिंगस्मार्ट इंटरनॅशनल या बीआयएमची खुली मानके तयार करणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र कोणत्याच सॉफ्टवेअरशी बांधलेले नाही. त्यातील फाउंडेशन स्तरावर संकल्पनांचे ज्ञान पाहिले जाते आणि प्रॅक्टिशनर स्तरावर ते ज्ञान प्रकल्पात वापरता येते का, हे पाहिले जाते. इतक्या वर्षांनंतर पहिल्या पायरीवर बसणे मला सुरुवातीला जड गेले, पण मी फाउंडेशनसाठीच नाव दिले. आधी मान्यताप्राप्त संस्थेचा अभ्यासक्रम आणि मग संगणकावर बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा, असा त्याचा क्रम होता.

अभ्यासक्रमात मॉडेल करण्याविषयी जवळजवळ काहीच नव्हते. त्यात भर होता तो आयएसओ १९६५० वर. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकाच्या पहिल्या दोन भागांत माहिती कोणी मागायची, कोणी द्यायची, केव्हा आणि किती द्यायची, याचाच विचार आहे. अपॉइंटिंग पार्टी (काम देणारा), लीड अपॉइंटेड पार्टी (काम घेणाऱ्यांतील प्रमुख) आणि अपॉइंटेड पार्टी (काम घेणारे इतर) या तीन संज्ञा मी पुनःपुन्हा चुकवत असे. शेवटी मी आमच्याच एका जुन्या प्रकल्पाचा कागद काढला, मालक, मुख्य सल्लागार आणि आम्ही अशी तीन नावे लिहिली आणि कोणती माहिती हवी ते सांगणारे मागणीपत्र, म्हणजे ईआयआर, कोणाकडून कोणाकडे जायला हवे होते, ते बाणांनी दाखवले. त्या कागदावर आमच्यापर्यंत एकही बाण पोहोचत नव्हता. मालकाला नेमकी कोणती माहिती हवी आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

'माहितीच्या गरजेची पातळी' हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. ज्या कामासाठी माहिती हवी, त्या कामाला पुरेल इतकीच द्यावी. त्याहून अधिक दिलेली माहिती वाया जाते, असे हे मानक मानते. मी त्या जुन्या प्रकल्पातील दरवाजे पुन्हा उघडून पाहिले. मुठी आणि बिजागऱ्या फार निगुतीने घडवल्या होत्या, पण दरवाजा आगीपुढे किती मिनिटे टिकेल, हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा होता. इमारत चालवणाऱ्याला बिजागरीच्या आकाराचा काय उपयोग? मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटले.

कॉमन डेटा एन्व्हायर्नमेंटचे, म्हणजे प्रकल्पाच्या सर्व फाइली त्यांच्या स्थितीसह एकाच सामायिक जागी ठेवण्याच्या व्यवस्थेचे, प्रकरण मात्र मला लगेच उमगले, कारण त्याची किंमत मी पाहिली होती. एका कामावर ईमेलने गेलेले जुने ड्रॉइंग साइटवर वापरले गेले, स्लॅबमधील डक्टची जागा चुकली आणि नंतर कोअर कटिंग, म्हणजे तयार काँक्रीटमध्ये यंत्राने छिद्र पाडणे, करावे लागले. फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द होता, स्थिती मात्र कोठेच नोंदलेली नव्हती. या मानकाला ब्रिटनने जोडलेल्या परिशिष्टात चालू कामाला एस०, समन्वयासाठी दिलेल्या फाइलला एस१ असे संकेत आहेत, पी०१.०१ हा अजून टेबलावरचा मसुदा आणि पी०१ ही इतरांना दिलेली आवृत्ती, हेही त्यातून कळते. हे संकेत मी परीक्षेपेक्षा कामासाठी पाठ केले.

परीक्षेत संज्ञांमधील बारीक फरक नीट ठाऊक असावे लागतात. मी दोन प्रश्नांवर बराच वेळ थांबले होते. निकाल चांगला लागला.

प्रॅक्टिशनरसाठी मी अजून अर्ज केलेला नाही, कारण मागणीपत्रापासून अंतिम हस्तांतरणापर्यंतचे एक पूर्ण काम मला आधी स्वतः सांभाळायचे आहे. रुग्णालयाच्या कामात मी मुख्य सल्लागारांना पहिला प्रश्न दरवाजांच्या माहितीविषयी विचारला. उत्तरादाखल त्यांनी मालकाच्या देखभाल विभागाची यादी पाठवली. तिच्यात अकरा रकाने होते आणि त्यांतील चार आमच्या मॉडेलमध्ये नव्हतेच.