थांबा म्हणायचं कधी?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे तिथे विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ हाच घरचा संघ. लेक्सिंग्टनला केंटकी विद्यापीठ, आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवर ओहायो नदीच्या काठी लुईव्हिल विद्यापीठ. लुईव्हिलच्या स्टेडियममध्ये बावीस हजार माणसं बसतात. 1980 आणि 1986 अशी दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं त्यांच्या नावावर आहेत. 2013चं तिसरं नियमभंगापायी काढून घेतलं गेलं, तरी ते मोजायचं की नाही यावर अजून हमरीतुमरी होते. अशा गावात संघाला वाईट दिवस आले की चाहत्यांची सरळ दोन गटांत फाळणी होते. एक गट म्हणतो, ‘थांबा, संघ उभा राहतोय.’ दुसरा म्हणतो, ‘कोचला आधी घरी पाठवा.’ दोघंही आपापलं म्हणणं वर्षानुवर्षं त्याच तावातावाने मांडतात. गंमत अशी, की अवघ्या तीन हंगामांत लुईव्हिलला हा वाद दोनदा झाला आणि दोन्ही वेळा वेगवेगळा गट बरोबर ठरला.

पहिला वाद केनी पेनचा. 1986च्या विजेत्या संघातला हा खेळाडू 2022 साली कोच म्हणून घरी परतला, म्हणजे सद्भावना ओसंडून वाहत होती. पहिले तिन्ही सामने संघ एकेका गुणाने हरला: बेलरमाइनकडून 67-66, राइट स्टेटकडून 73-72, अ‍ॅपलाचियन स्टेटकडून 61-60. सुरुवातीचे सलग नऊ सामने गेले. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता 4 विजय, 28 पराभव. पुढच्या वर्षी 8 आणि 24. दोन वर्षांत मिळून 12-52.

त्या एकेका गुणाने चाहत्यांना फार फसवलं. थांबा म्हणणाऱ्यांचं गणित साधं होतं: तीन बास्केट इकडेतिकडे झाले असते तर 3-0 असतो, सगळा नशिबाचा खेळ. पण समोर कोण होतं ते बघा. लुईव्हिलने ज्यांना घरच्या मैदानावर दहा-पंधराच्या फरकाने गुंडाळायला हवं, अशांपुढे शेवटच्या चेंडूपर्यंत श्वास रोखून बसावं लागत होतं. गुणफलक जवळचा होता, खेळ जवळचा नव्हता. टर्नओव्हर (हातातला चेंडू गमावणं) भरमसाट, असिस्ट (ज्यावर थेट बास्केट होतं तो पास) नाममात्र. चेंडू पुढे आणायचा, एकाने डोकं खाली घालून आत घुसायचं, बाकी चौघांनी बघत उभं राहायचं. हा संघ काय करू पाहतोय, हे विसाव्या सामन्यातही सांगता येत नव्हतं.

आता दुसरा वाद. मार्च 2024 मध्ये चार्ल्सटन कॉलेजमधून पॅट केल्सी कोच म्हणून आला. शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू त्याच्या संघात उरला नव्हता. सगळे नवे, बहुतेक दुसऱ्या कॉलेजांतून आलेले. त्याच एप्रिलमध्ये नियम पुरता सैल झाला होता: एका कॉलेजातून दुसऱ्यात कितीही वेळा जा, वर्षभर बाहेर बसायची गरज नाही. विस्कॉन्सिनचा पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून खेळ रचणारा) चकी हेपबर्न आला, जेम्स मॅडिसन विद्यापीठाचा टेरन्स एडवर्ड्स, कोलोराडोचा जेव्हॉन हॅडली, आणि केल्सीच्या मागोमाग चार्ल्सटनहून ऑस्ट्रेलियन नेमबाज रेन स्मिथ. डिसेंबरच्या मध्यापर्यंत हिशेब 6-5. टेनेसीने घरच्या मैदानावर 77-55 असं धुतलं, ओल मिसने 86-63, ड्यूकने 76-65. लेक्सिंग्टनला जाऊन 93-85 हरले ते वेगळंच. (त्या दिवशी केंटकीच्या संघातही शिष्यवृत्तीवरचा जुना खेळाडू एकही नव्हता. शंभर वर्षांचं वैर, आणि ते खेळायला मैदानात उतरलेले सगळेच काल गावात आलेले!) झालं, दुसरा गट पुन्हा उठला: याला घाई फार, तीन गुणांचे फटके फार, सामन्यात खेळाडूंच्या बदल्या फार.

आणि हा संघ पुढच्या 24 सामन्यांत फक्त तीन हरला. 27-8.

6-5 असतानाही केल्सीच्या संघावर भरवसा ठेवायला जागा होती, ती विजय-पराभवाच्या रकान्यात दिसत नव्हती एवढंच. तो रकाना बाजूला सारून चार गोष्टी बघाव्यात. डीन ऑलिव्हर या आकडेतज्ज्ञाने त्या कधीच सांगून ठेवल्यात: नेमबाजी, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाऊंड (आपलाच चुकलेला फटका परत मिळवणं) आणि फ्री थ्रो (फाऊलबद्दलचे मोफत फटके) मिळवणं. महत्त्वही साधारण याच क्रमाने. हे सगळं ‘पझेशन’मागे, म्हणजे चेंडू हाती आलेल्या दर पाळीमागे मोजायचं, सामन्यामागे नाही, कारण वेगवान संघाच्या वाट्याला सामन्यात पंचाहत्तर पझेशन येतात, तर संथ संघाच्या वाट्याला साठ. मोजायची रीत सोपी आहे. मारलेले फटके घ्या, त्यातून आक्रमणातले रिबाऊंड वजा करा, टर्नओव्हर मिळवा, आणि फ्री थ्रोंना 0.475 ने गुणून तेही मिळवा. 60 फटके, 10 रिबाऊंड, 12 टर्नओव्हर, 20 फ्री थ्रो म्हणजे साडेएकाहत्तर. त्यात 80 गुण केले असतील तर शंभर पझेशनमागे 112 च्या आसपास पडतात. आक्रमण ठीकठाक चाललंय. एवढं केलं की ‘80 गुण दिले, बचाव गेला खड्ड्यात’ अशी निम्मी भांडणं तिथल्या तिथे मिटतात. 80 गुण पंचाहत्तर पझेशनमध्ये दिले की साठमध्ये, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तीन गुणांच्या फटक्यांचं भांडणही असंच आकड्यांपाशी आणून बसवता येतं. केल्सीचा संघ जवळजवळ निम्मे फटके तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारतो. समजा 60 फटके, निम्मे बाहेरून. आतले 30 पैकी 15 गेले, बाहेरचे 30 पैकी 10. झाले 60 गुण. दुसऱ्या दिवशी आतले तेवढेच, बाहेरचे फक्त 7. झाले 51. तीनच चेंडू रिंगवरून बाहेर आले आणि नऊ गुण गेले. ज्या रात्री हे होतं त्या रात्री दुसऱ्या गटाला आनंदाचं भरतं येतं. पण बाहेरून एक-तृतीयांश फटके गेले तरी ते दोन गुणांच्या 50 टक्क्यांइतकेच पडतात, आणि मधल्या पट्ट्यातून, अंगावर माणूस असताना, 50 टक्के कोण मारतं? तेव्हा किती मारले हा प्रश्न तसा बिनकामाचा. कोणी मारले, पाय स्थिर होते का, चेंडू एकदा आत जाऊन बाहेर आला होता का, हे विचारावं. आत जाऊन बाहेर आलेल्या चेंडूवरचा फटका चुकला तर कोचला दोष देऊ नये. ड्रिबल मारत, फटक्याची मुदत मोजणाऱ्या शॉट क्लॉकवर बावीस सेकंद शिल्लक असताना हाणलेला फटका गेला तरी कोचने त्याला बेंचवर बोलवावं.

नव्या संघाचा बचाव कुठे फाटतो हे बघायचं असेल तर मात्र आकडे पुरत नाहीत. त्यासाठी एकच पझेशन संथ गतीने पाहावं. समोरचा पॉइंट गार्ड चेंडू घेऊन उभा आहे आणि त्यांचा उंच खेळाडू स्क्रीन लावायला, म्हणजे आपल्या बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहायला, वर येतोय. त्या उंच खेळाडूवर असलेल्या आपल्या माणसाने, स्क्रीन लागण्याआधी, ‘डावीकडून स्क्रीन’ असं ओरडायला हवं. चेंडूवरच्या आपल्या माणसाने स्क्रीनच्या वरून, अंग चोरून निसटायचं. तोवर आपला उंच खेळाडू मागे सरकून रिंग राखणार. समोरचा स्क्रीनवाला रिंगकडे धावला, तर पलीकडच्या कोपऱ्यातून एकाने दोन पावलं आत येऊन त्याला अडवायचं. अडवलं की कोपरा उघडा पडतो. मग तिसऱ्याने दोन माणसं एकट्याने सांभाळायची आणि चेंडू हवेत असतानाच ठरवायचं, कोणाकडे धावायचं. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत.

आता यातले पाच जण पाच कॉलेजांतून आलेत. एकाला शिकवलंय, स्क्रीन आली की उंच खेळाडूने वर झेपावून चेंडूवाल्याला रोखायचं. दुसऱ्याला शिकवलंय, मागेच राहायचं. तिसऱ्याच्या जुन्या कोचचा दंडक होता, चेंडूच्या बाजूचा कोपरा काही झालं तरी सोडायचा नाही. पाच घराण्यांचे गवई एकाच मैफलीत बसवल्यासारखी गत. सरावात सगळ्यांना नवा नियम पाठ असतो. सामन्याच्या पस्तिसाव्या मिनिटाला, दम लागलेला असताना, पाय जुन्या नियमाने चालतात. अर्धा सेकंद दोघं एकमेकांकडे बघतात, कोपऱ्यातला माणूस आरामात तीन गुण मारतो आणि गॅलरीतून आवाज येतो: ‘आळशी कुठले!’ यात आळस नसतो. खूण अशी, की आळशी खेळाडू उभा राहतो, गोंधळलेला खेळाडू चुकीच्या माणसाकडे जीव तोडून धावतो. नोव्हेंबरात लुईव्हिलचे खेळाडू असे चुकीच्या दिशेला धावत होते. जानेवारीत ते धावण्याआधी बोलायला लागले.

भरीला दुखापती. वॉशिंग्टनहून आलेला कोरेन जॉन्सन दोन सामन्यांनंतर खांद्यामुळे बाहेर. बहामाच्या स्पर्धेत केसन प्रायरचा गुडघा गेला. वेगवान खेळाला ही चैन परवडत नाही. सामना 40 मिनिटांचा, मैदानात पाच, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. दहा खेळाडूंत वाटली तर सरासरी वीस-वीस. आठच उरले तर पंचवीस, आणि पूर्ण मैदानभर दबाव टाकणाऱ्या संघात ही जादाची पाच मिनिटं मांड्यांमध्ये जाणवतात. बदल्या फार करतो म्हणून केल्सीला बोलणाऱ्यांनी हा भागाकार करून बघावा. प्रायर गेल्यावर साडेसहा फुटी हॅडलीला स्वतःपेक्षा उंच माणसांवर उभं केलं गेलं. उंची गेली, पण चारही बाजूंना पळणारी माणसं आली. नाइलाजाने केलेली ही जुळणीच पुढे संघाची ओळख ठरली. कोचचं डोकं की नशीब? दोन्ही गटांनी वाटून घ्यावं.

शैली वेगवानच हवी असं मात्र मुळीच नाही. लुईव्हिल ज्या गटात खेळतं त्याच अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समधल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचं उदाहरण बरोबर उलट टोकाचं. टोनी बेनेट 2009 मध्ये तिथे कोच म्हणून आला. पहिल्या वर्षी 15-16, दुसऱ्या वर्षी 16-15. खेळ इतका संथ की प्रतिस्पर्ध्यांचे चाहतेसुद्धा जांभया द्यायचे. बचावाची पद्धत ‘पॅक लाइन’: रिंगपासून साधारण सोळा फुटांवर एक काल्पनिक रेषा, चेंडूवरचा एक जण तिच्याबाहेर, बाकी चौघं आत. घुसायला जागाच ठेवायची नाही. मारायचाय तर लांबून मारा, तोही हात डोळ्यांसमोर असताना. ही पद्धत त्याच्या वडिलांची, डिक बेनेटची. ती पहिल्या महिन्यापासून दिसत होती, हरतानाही दिसत होती. तिसऱ्या वर्षी 22 विजय आले. 2018 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन असून शेवटच्या, सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून 74-54 असा, पुरुषांच्या स्पर्धेत तोवर कधी न झालेला पराभव झाला, तेव्हा ‘या संथपणाने काही जिंकता येत नाही’ म्हणणाऱ्यांना चांगलंच बळ मिळालं. पुढच्याच वर्षी त्याच संथपणाने राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं.

म्हणून दहाव्या सामन्यापर्यंत मी हारजीत बघतच नाही. आवाज बंद करून, जर्सीचा रंग विसरून, हा कोणाचा संघ आहे ते ओळखता येतंय का एवढंच बघते. ओळखता येत असेल तर 6-5 चालतं, 15-16 सुद्धा चालतं. येत नसेल तर एका गुणाच्या पराभवांनी स्वतःची समजूत घालू नये.

यात एक अपवाद, तिथे मी दुसऱ्या गटात आहे: पहिल्या अर्ध्यात दोन फाऊल झाले की मुख्य खेळाडूला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवणारे कोच. पाच फाऊलांवर खेळाडू बाद होतो, हे खरं. पण आठव्या मिनिटाला बसवलं तर बारा मिनिटं खात्रीने गेली. कशासाठी, तर शेवटची चार कदाचित जातील या भीतीने. बरेचदा तो खेळाडू सामना संपतो तेव्हा तीनच फाऊलांवर असतो.

पुण्या-मुंबईत बसून हे बघणाऱ्यांची सोय मात्र बरी आहे. तिकडचा संध्याकाळी सातचा सामना थंडीत इकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि दुधाच्या पिशव्या येईपर्यंत मध्यंतर होतं. मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे गेली की साडेचारला उठावं लागतं, आणि नेमके बाद फेरीचे सामने तेव्हाच. लुईव्हिलसाठी 2025 मध्ये फार दिवस उठावं लागलं नाही. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ड्यूककडून हार, मग राष्ट्रीय स्पर्धेत आठवं मानांकन आणि पहिल्याच सामन्यात क्रेटनकडून 89-75.

हेपबर्न, एडवर्ड्स, स्मिथ यांची कॉलेजकडून खेळायची मुदत संपली आणि उभारणी पुन्हा निम्म्यावरून सुरू. नव्या भरतीत झेवियरचा रायन कॉनवेल, केनेसॉ स्टेटचा एड्रियन वूली, शाळेतून थेट आलेला मिकेल ब्राउन, आणि व्हर्जिनियाचा आयझॅक मॅकनीली. मॅकनीली बाहेरून मारणारा खंदा नेमबाज, त्यामुळे फटक्यांचा प्रश्न नव्हता. पण तीन हंगाम त्या सोळा फुटांच्या रेषेआत उभं राहायची सवय झालेला माणूस केल्सीच्या पूर्ण मैदानाच्या दबावात किती मिनिटं टिकेल, यावर लुईव्हिलचे दोन्ही गट भर उन्हाळ्यातच, सामने सुरू व्हायला सहा महिने असताना, एकमेकांच्या अंगावर गेले होते.