आईवर ओरडणं आणि वहीतली टिंबं : माझा अनुभव

दोन वर्षं झाली, आईला नीट ऐकू येत नाही आणि ती एकच गोष्ट चार-चारदा विचारते, आणि मी वसईला विरार लोकलमधनं पिळून निघून घरी आलो की तिसऱ्यांदा "जेवणार ना रे?" आलं की माझा आवाज चढायचाच. मग वाईट वाटायचं, कन्फेशनला तेच पाप सांगायचं, सोमवारी परत तेच. एकदा फादरनी विचारलं, दिवसातनं किती वेळा ओरडतोस? मला सांगताच येईना. म्हणाले, संत इग्नाशियस लोयोलांसारखं मोजून बघ.

इग्नाशियस मुळात लढवय्ये, 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाला तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणात ख्रिस्ताचं नि संतांचं चरित्र वाचता वाचता माणूस बदलला. त्यांची पद्धत अशी, की एकच खोड धरायची. सकाळी उठल्या उठल्या ठरवायचं, आज ह्या खोडीपासून जपायचं. दुपारी आणि रात्री जेवण झालं की एकेक तास आठवून जितक्यांदा घसरलो तितकी टिंबं ओळीवर काढायची, दिवसाच्या दोन ओळी. आणि चूक झाली की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवायचा, चारचौघांतसुद्धा जमतं, कुणाला कळत नाही.

मी आधी मोबाइलवर रिमाइंडर लावला, तो बोटाने सरकवून टाकायचो, म्हणून सरळ छोटी वही घेतली आणि ऑफिसच्या जिन्यात बसून दुपारची ओळ भरायला लागलो. पहिल्या दिवशी दोन्ही ओळी मिळून 11 टिंबं. मला वाटलं होतं तीन-चार असतील, खरंच हादरलो.

आठवड्याने दिसलं की बहुतेक टिंबं रात्री आठ ते नऊमधली, आणि तेव्हा माझ्या हातात फोन असतो. ती बोलते तेव्हा मी वर बघतच नाही, तिला ओठ दिसत नाहीत, म्हणून ती परत विचारते.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसमधे क्लोजिंग, दिवसाची टिंबं पुन्हा नऊवर गेली, वही टाकूनच देणार होतो. फादर म्हणाले, आठवडा आठवड्याशी ताडून बघ, इग्नाशियसनी तेही सांगितलंय. आणि चुका आठवायच्या आधी देवाचे आभार मानतोस का? ते मी गाळतच होतो! त्या रात्री पहिल्यांदा आभार मानले, आईच्या हातच्या गरम भाकरीचे.

कुणाला कळत नाही म्हणतात, पण आईला कळलं. एकदा ओरडून छातीवर हात ठेवला तर घाबरून म्हणाली, "दुखतंय का रे?" मग तिला सगळं सांगितलं, वही दाखवली. तिने बराच वेळ टिंबांवरनं बोट फिरवलं.

आता घरी आलो की फोन आल्तारापाशी, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या जागेपाशी ठेवतो आणि तिच्या समोर बसतो. गेल्या आठवड्यात सगळी मिळून सहा टिंबं. येत्या शनिवारी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेतोय, दोन वर्षं ते राहून गेलं हेही वही भरतानाच एका रात्री लक्षात आलं.