आजी आणि निळूभाऊ
आज दुपारी टीव्हीवर 'सामना' सिनेमा लागला होता, म्हटलं दहा मिनिटं बघू आणि उठू, पण कसलं काय, निळू फुले आणि डॉ. लागू समोरासमोर आले की रिमोटला हात लागतच नाही राव. आजी मात्र निळूभाऊंचा हिंदुराव दिसला की अजूनही "मेल्या" म्हणते 😄 तिला म्हटलं अगं हा राष्ट्र सेवा दलातला माणूस, आधी पुण्यात माळीकाम करायचा, मग लोकनाट्य आणि १९६८ ला 'एक गाव बारा भानगडी' हा सिनेमा. स्टेजवरचा 'सखाराम बाइंडर' तर वेगळाच विषय. आणि १९७९ च्या 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू, आवाज न चढवता काय केलंय ते काम! आजी म्हणे, असंल बाबा चांगला, पण नजर बघ त्याची!