वर्षाची आवडती गाणी आणि अल्बम: यादी नीट कशी लावायची

डिसेंबर लागला की गाणी ऐकायचं ॲप आपल्या हातात एक रंगीत कार्ड ठेवतं. यंदा सर्वाधिक ऐकलेली पाच गाणी, पाच कलाकार, एकूण मिनिटं. पुष्कळ जण तेच कार्ड 'यंदाची माझी आवड' म्हणून पुढे पाठवतात. माझा आग्रह आहे की तसं करू नये. कार्डावर मोजणी असते आणि यादी निवडीची असते. या दोन गोष्टी एकमेकींपासून किती लांब जाऊ शकतात हे कळायला मोजणी कशी होते ते पाहावं लागतं.

स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक 'ऐकणं' जमा होतं. ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या लास्ट.एफएम या साइटचा नियम थोडा कडक आहे: गाणं ३० सेकंदांपेक्षा मोठं हवं आणि ते निम्मं किंवा ४ मिनिटं, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेवढं वाजायला हवं, तेव्हा एक स्क्रॉबल, म्हणजे तिथली एक नोंद, पडतो. आता ४० मिनिटांचा ख्याल विलंबितापासून द्रुतापर्यंत कुणी मन लावून ऐकला, तर खात्यात पडतो एक. तेवढ्याच वेळात पावणेचार मिनिटांचं 'झिंगाट' दहा वेळा वाजतं आणि खात्यात पडतात दहा. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांच्या कार्डावर वरातीतली गाणी येतात ती यामुळे. त्यात घरातल्या पोरांना लावून दिलेली बडबडगीतं, स्वयंपाक करताना मागे चालू राहिलेली प्लेलिस्ट आणि झोपल्यावरही वाजत राहिलेली बासरी मिसळलेली असते. शिवाय कार्ड डिसेंबरच्या सुरुवातीलाच हाती येतं, म्हणजे डिसेंबरचं ऐकणं त्यात नसतंच.

क्रमवारीचं वेड आपल्याकडे नवीन नाही. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि निवेदक अमीन सयानींनी 'पायदान' (यादीतली पायरी) हा शब्द घराघरांत नेला. वर्षअखेरच्या यादीत १९५३ साली पहिलं आलं 'अनारकली'मधलं 'ये ज़िंदगी उसी की है'. गीतमालेचा क्रम रेकॉर्डच्या दुकानांतल्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पसंतीवर ठरायचा. तिथे ते बरोबरच होतं, कारण प्रश्न 'लोकांना काय आवडलं' हा होता. स्वतःच्या यादीत प्रश्न वेगळा असतो, म्हणून आकडे तिथे साक्षीला घ्यावेत, न्यायाधीश करू नयेत.

यादी बिघडते ती बहुतेक वेळा डिसेंबरमध्ये आठवून करायला बसल्यामुळे. फेब्रुवारीत आलेला अल्बम कितीही चांगला असला तरी दहा महिन्यांत मागे सरकतो आणि नोव्हेंबरचा ताजा असतो म्हणून वर चढतो. याला उपाय एकच, १ जानेवारीला उघडलेली वही किंवा स्प्रेडशीट. रकाने फार नकोत: नाव, गायक, संगीतकार, गीतकार, प्रकाशनाची तारीख, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ऐकण्याची तारीख, आणि एका ओळीची टीप. टीप त्याच दिवशी लिहायची. 'छान आहे' ही टीप डिसेंबरमध्ये काहीच सांगत नाही. 'दुसऱ्या अंतऱ्यात ताल थांबतो आणि फक्त हार्मोनियम राहते, तिथे परत जावंसं वाटलं' ही सांगते. नावं देवनागरीत लिहा. रोमन लिपीत एकच मराठी गाणं 'याड'चे तीन स्पेलिंग घेऊन तीन ठिकाणी नोंदलं जातं आणि तिन्ही नोंदी अर्धवट राहतात. गायक, संगीतकार आणि गीतकार हे तिन्ही रकाने भरायचेच. ॲपवर चित्रपटगीतांत बऱ्याचदा संगीतकाराचं नाव पुढे असतं, कधी गायकाचं नाव टॅगमध्ये नसतंच, आणि गीतकार तर हमखास गळतो. आकाशवाणीवरचे निवेदक तिघांची नावं सांगायचे, तेवढं तरी आपण पाळावं.

वेळेचा हिशोब आधीच करून ठेवा. वर्षाला ६० अल्बम, सरासरी ४५ मिनिटं आणि प्रत्येक तीनदा, म्हणजे १३५ तास. आठवड्याला साधारण दोन तास ३५ मिनिटं. एवढा वेळ नसेल तर अल्बम ३० करा, पण तीनदा ऐकणं सोडू नका. आणि त्या तीन ऐकण्यांत किमान दोन-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. एका दिवसात तीनदा ऐकलं तर आपण अल्बम पारखत नाही, फक्त सरावतो. याच कारणाने १५ डिसेंबरनंतर आलेलं काहीही मी त्या वर्षात घेत नाही. ते पुढच्या वर्षीच्या वहीत पहिल्या पानावर जातं.

वर्ष कोणतं धरायचं हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. 'नटरंग' चित्रपटगृहात आला १ जानेवारी २०१० ला, आणि मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला २००९ या वर्षासाठी. मग त्याची गाणी कुठल्या यादीत घालायची? माझा नियम असा: पूर्ण अल्बम ज्या दिवशी ऐकायला उपलब्ध झाला ते वर्ष. आधी सुटं आलेलं गाणं गाण्यांच्या यादीत त्याच्या स्वतःच्या तारखेने येतं, अल्बम अल्बमच्या तारखेने. नियम दुसरा ठेवलात तरी चालेल, फक्त वर्षाच्या मध्यात बदलू नका.

ॲपवर दिसणाऱ्या तारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्यानंतर तेच जुनं ध्वनिमुद्रण कुणीही नव्या मुखपृष्ठासह चढवू शकतं, अर्थात शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. परिणाम असा की १९५०च्या दशकातली भावगीतं आणि नाट्यपदं पाच-सात लेबलांच्या नावाने, नव्याकोऱ्या तारखा लावून समोर येतात. अशा वेळी अल्बमच्या तळाशी जाऊन वर्तुळातल्या 'पी'शेजारचं साल बघायचं, कारण ते ध्वनिमुद्रणाचं असतं. वर्तुळातला 'सी' मुखपृष्ठ आणि मजकुराचा. तिथेही नवंच साल टाकलेलं असेल, तर आवाजाची जात, वाद्यमेळ आणि लांबी यांवरून ओळखावं लागतं: सव्वातीन मिनिटांच्या आत संपणारं आणि वरच्या पट्टीत खरखर असलेलं गाणं बहुधा ७८ च्या तबकडीवरून उतरवलेलं असतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दिला जाणारा आयएसआरसी हा बारा अक्षरांचा कोड मिळाला, तर त्यातले सहाव्या आणि सातव्या जागेवरचे अंक कोड दिल्याचं साल सांगतात. पण जुन्या गाण्याला कोड उशिरा दिला असेल तर तोही फसवतो. पुनर्प्रकाशनांसाठी एक वेगळं पान ठेवलं की हा घोळ मिटतो.

आता अल्बम म्हणजे काय? ग्रॅमीच्या नियमात किमान पाच वेगळी गाणी आणि १५ मिनिटं, किंवा गाणी कितीही असोत पण ३० मिनिटं. ॲपलच्या पद्धतीत सात गाण्यांपासून किंवा अर्ध्या तासाच्या पुढे अल्बम, आणि चार ते सहा गाणी अर्ध्या तासाच्या आत असतील तर ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटा संच. या दोन्ही फूटपट्ट्या लावल्या तर 'सैराट' अल्बम ठरत नाही. गाणी चार, वेळ वीस-एकवीस मिनिटं. उलट एका रागाला एक बाजू देणारी जुनी एलपी, जिच्यावर दोनच 'गाणी' असतात, ती वेळेच्या जोरावर अल्बम ठरते. मराठी चित्रपटसंगीतात चार-पाच गाण्यांचे संच नेहमीचे आहेत, त्यामुळे मी पाच-सात गाण्यांची अट धरत नाही. संच म्हणून बांधलेला असेल आणि चार गाण्यांपेक्षा कमी नसेल, तर तो अल्बम. २०१६ च्या यादीत 'सैराट'ला अल्बम म्हणून जागा द्यावी असं मला ठामपणे वाटतं, कारण चारांतलं एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही. चौदा गाण्यांच्या अल्बममधली दोनच परत परत ऐकली जात असतील, तर ती दोन गाण्यांच्या यादीत घ्या आणि अल्बम सोडून द्या. हा भेद पाळला नाही तर दोन्ही याद्या सारख्याच दिसू लागतात.

'कट्यार काळजात घुसली'चा २०१५ चा अल्बम आणखी अवघड. त्यात जितेंद्र अभिषेकींनी १९६७ च्या नाटकासाठी बांधलेली पदं नव्या आवाजांत आहेत, आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चालीही. महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'अरुणि किरणी' या नव्या गाण्यासाठी. अशा अल्बममध्ये मी ध्वनिमुद्रणाला गुण देतो, चालीला नाही, आणि जुनी चाल असलेल्या गाण्यांपुढे खूण करतो. खूण नसेल तर पन्नास वर्षांची पुण्याई त्या वर्षाच्या खात्यात जमा होते, आणि बाजूचं नवं गाणं विनाकारण फिकं दिसतं.

तुलना करताना सगळ्यात मोठी गडबड आवाजाच्या पातळीची. दोन गाण्यांत एका डेसिबलचा फरक असेल तरी मोठं वाजणारं 'जास्त चांगलं' वाटतं, आणि आपल्याला ते मोठं आहे हे कळतही नाही. म्हणून ॲपमधलं नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळी गाणी आवाजाच्या एकाच पातळीवर आणणारी सोय, चालू ठेवा. स्पॉटिफाय सगळं साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणतं, ॲपलचं साउंड चेक उणे १६ वर. म्हणजे एक गाणं इथे आणि दुसरं तिथे ऐकून तुलना केलीत तर दोन डेसिबलचा अन्याय होतो. तुलना एकाच ॲपवर, त्याच हेडफोनवर करा. स्पॉटिफायवर अल्बम क्रमाने लावला तर नॉर्मलायझेशन पूर्ण अल्बमला मिळून लागतं, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं. तेच गाणं प्लेलिस्टमध्ये एकटं वर उचललं जातं. म्हणून अल्बम पारखताना क्रमाने, शफल आणि क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं) बंद करून ऐका. गाणी पारखताना प्लेलिस्ट करा. फोनच्या स्पीकरवर कुणाचाच निकाल लावू नका. 'सैराट'चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला, पण फोनच्या स्पीकरवर त्यातली खालची तारवाद्यं जवळजवळ नाहीशी होतात. डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याचा खर्ज यांचंही तेच.

क्रम लावायला चाल दहा, शब्द दहा, गायन दहा, वाद्यमेळ दहा, ध्वनिमुद्रण दहा अशी गुणपत्रिका करू नका. सगळ्यात सात-सात मिळवणाऱ्या गाण्याचे ३५ होतात, आणि १०, १०, १०, २, २ मिळवणाऱ्याचे ३४. बेरीज नेहमी गुळगुळीत गाण्याच्या बाजूने झुकते. सरळ जोड्या लावा. दहा अल्बमच्या ४५ जोड्या होतात, रोज नऊ घेतल्या तर पाच दिवसांचं काम. चौकटी आखायच्या, प्रत्येक जोडीत एकच प्रश्न: आत्ता दोन्हींपैकी एकच लावता येणार असेल तर कोणता? विजय मोजायचे. तीन अल्बम गोल फिरले, म्हणजे पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पहिल्याला हरवतो असं झालं, तर ते तिन्ही एकाच दिवशी परत ऐकून सोडवायचं.

गाण्यांना ही पद्धत परवडत नाही, कारण २५ गाण्यांच्या ३०० जोड्या होतात. तिथे एकेक गाणं लागलेल्या यादीत घुसवायचं. नवं गाणं आधी यादीच्या मध्यावरच्या गाण्याशी ताडायचं, वरचढ ठरलं तर वरच्या अर्ध्याच्या मध्याशी, नाहीतर खालच्या. अशाने २५ गाणी जास्तीत जास्त ९४ तुलनांत लागतात.

क्रम लागला तरी अंतर कळत नाही. त्यासाठी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात रॉबर्ट ख्रिस्तगाउ यांनी १९७१ साली सुरू केलेल्या समीक्षकांच्या मतदानाची रीत फार उपयोगी आहे. प्रत्येकाने दहा अल्बमना मिळून १०० गुण वाटायचे, एकाला ३० पेक्षा जास्त नाही आणि ५ पेक्षा कमी नाही. गाणी मात्र दहा आणि बिनगुणांची. २०, १५, १२, ११, १०, ८, ७, ७, ५, ५ अशी वाटणी झाली तर त्या वर्षी एक अल्बम खरोखर वेगळा होता. ११, ११, मग सहा वेळा १० आणि शेवटी ९, ९ अशी झाली तर पहिला क्रमांक नावापुरता आहे, आणि तसं लिहून टाकावं.

पुण्यात असाल तर एक गोष्ट सांभाळा. 'सवाई गंधर्व' संगीत महोत्सवाच्या आठवड्यात आणि नंतरचे चार दिवस क्रमाला हात लावू नका. मंडपात तीन तास समोर बसून ऐकलेला आवाज घरी स्टुडिओतल्या मुद्रणावर सावली धरतो, आणि त्या गायकाचा अल्बम तीन पायदानं वर जातो. मैफलींची टिपणं वेगळ्या पानावर ठेवा, तीही यादीच आहे.

यादी पक्की झाल्यावर प्रत्येक नावापुढे दोन ओळी लिहा, आणि त्यांतली एक त्या दिवशीच्या टिपेतूनच उचला. मग वही मिटू नका. पुढच्या डिसेंबरमध्ये त्याच दहा अल्बमचा नवा क्रम शेजारच्या रकान्यात लिहा, जुना खोडू नका. सहाव्या क्रमांकावरचा दुसऱ्यावर गेला असेल तर त्याची तिन्ही ऐकण्यांची तारीख पाहा. बहुतेक वेळा ती एकाच महिन्यातली निघते.