आमची वाटचाल: डिकीतला खराटा

आमच्या गाडीच्या डिकीत कॅमेऱ्याच्या बॅगांशेजारी आजही एक खराटा असतो. इमारतींचे फोटो काढायला खराटा कशाला, असं नवीन आलेली मुलं विचारतात. पहिल्याच साइटवर त्यांना उत्तर मिळतं. उद्घाटन होऊन महिना झालेली इमारत म्हणजे फरशीवर सांडलेलं सिमेंट, कोपऱ्यात टाइल्सची रिकामी खोकी आणि दर्शनी भागासमोर नेमकी लावलेली कुणाची तरी स्कूटर.

१९९७ साली पुण्यात मी आणि माझ्या मामेभावाने हे काम सुरू केलं. मी आर्किटेक्चर शिकलेली, तो लग्नाचे फोटो काढणाऱ्या घरातला. मामाचा स्टुडिओ सदाशिव पेठेत होता, त्याची मागची खोली हे आमचं ऑफिस. जी इमारत हसत नाही, नटत नाही, अल्बम मागत नाही, तिच्या फोटोचे पैसे कोण देणार, हा मामाचा प्रश्न. पहिली दोन वर्षं त्याचंच खरं होतं. लग्नसराईत आम्हीही मांडवातच असायचो.

मग एका प्रकाशकाकडून नव्या घरांवरच्या पुस्तकाचं काम आलं आणि त्या आगाऊ रकमेतून चार बाय पाच इंची शीटचा एक जुना फिल्म कॅमेरा घेतला. डोक्यावर काळं कापड ओढून काचेवर उलटी दिसणारी इमारत बघायची. साधा कॅमेरा वर उचलला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, उभ्या रेषा वरती एकमेकींकडे झुकतात. इथे कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. गवंड्याने ओळंबा लावून उभी केलेली भिंत आपण वाकडी दाखवायची नाही, हा नियम तेव्हापासूनचा. दिवसाला दहा-बारा शीट, त्यापुढे परवडत नसे. २००९ मध्ये डिजिटल कॅमेऱ्यावर अशाच सरकवता येणाऱ्या, कॅननच्या १७ आणि नव्या २४ मिलिमीटरच्या शिफ्ट लेन्स आल्या आणि वर्षभरात आम्ही डिजिटलवर गेलो. काळं कापड अजून आहे, उन्हात लॅपटॉपचा स्क्रीन बघायला लागतं.

यंत्र बदललं तरी वाट बघणं काही सुटलं नाही. पुण्यात उत्तरेकडे तोंड असलेली इमारत ही आमची डोकेदुखी. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेला, त्यामुळे ती भिंत सावलीत मरगळून पडलेली असते. मार्चअखेरीनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो आणि मे महिन्यात सकाळी साडेसातच्या सुमारास त्या भिंतीवरून ऊन तिरपं घासत जातं. काँक्रीटवरच्या शटरिंगच्या फळ्यांची रेघन् रेघ, अगदी लाकडातल्या गाठीसुद्धा उठून दिसतात. असं ऊन अर्धा-पाऊण तास टिकतं. जूनमध्ये ढग आले की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हरी हरी. डिसेंबरात फोन करून ‘या आठवड्यात उरकून टाका’ म्हणणाऱ्या आर्किटेक्टला हे पटवणं, हा आमच्या धंद्यातला अर्धा श्रम.

उजेड शिकवला तो मात्र आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या इमारतीने. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात उभी केलेली ही वास्तू, आणि तिच्या काळ्या दगडाच्या भिंती. फिल्मवर त्या दगडाला पुरेसा उजेड द्यावा तर आकाश पांढरंफट्ट, आकाश सांभाळावं तर भिंत डांबर. तीन फेऱ्या फुकट गेल्या. शेवटी सूर्य बुडाल्यानंतरच्या वीसेक मिनिटांत जमलं, कारण तेव्हा आकाश आणि दगड उजेडाने एकमेकांच्या जवळ येतात.

पुस्तकाचं काम फोटो काढून संपत नाही, हे आम्हाला छापखान्यात कळलं. एका पुस्तकात आमचं सगळं काँक्रीट गुलाबी निघालं. आम्ही धावत गेलो. मशीनवरच्या दादांनी भिंग हातात दिलं आणि बरीच पानं एकत्र छापलेला मोठा ताव समोर पसरला. त्याच तावावर, त्याच पट्ट्यात काँक्रीटच्या वर एक जांभ्याचं घर होतं. जांभ्याला मॅजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, भरपूर लागतो, आणि मशीनवर शाई पट्ट्यापट्ट्याने सुटते. जांभा लाल ठेवायचा तर खालचं काँक्रीट लाजणारच. “मॅडम, हे पानं लावताना बघायचं असतं,” दादा म्हणाले. तेव्हापासून कुठलं पान तावावर कुठे पडणार हे आम्ही आधी विचारतो. आणि जोडपानावर जिना मधोमध येऊ देत नाही. शिवणीत चार पायऱ्या गडप झालेलं आमचं एक पुस्तक आहे, ते आम्ही कुणाला दाखवत नाही.

एकदा आमचे फोटो आम्हाला न विचारता दुसऱ्याच पुस्तकात आले. भांडायला निघालो तर वकिलांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ पुढे ठेवलं. पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक पैसे देणारा, फोटो काढणारा नव्हे. आता एका पानाचा करार झाल्याशिवाय ट्रायपॉड उघडत नाही.

२०११ मध्ये दिल्लीत प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं दालन टिपलं. आर्किटेक्ट राज रेवाल यांची वास्तू, इंजिनिअर महेंद्र राज यांचं स्ट्रक्चर, १९७२ सालचं. एरवी पोलादात करतात ती त्रिमितीय जाळी इथे जागेवर ओतलेल्या काँक्रीटची. त्या दिवशी आमच्या सवयीप्रमाणे सगळं झाडून, माणसं हटवून फोटो काढले. शेवटच्या फ्रेमला उजेड जात होता आणि एक हातगाडीवाला जाळीच्या सांध्याखाली विडी पेटवत उभा होता. त्याला हटवायला वेळ नव्हता. पुस्तकात अर्थातच स्वच्छ फोटो गेले.

एप्रिल २०१७ मध्ये ती वास्तू एका रात्रीत पाडली. त्यानंतर आर्किटेक्चरच्या एका विद्यार्थिनीने आमच्याकडचे सगळे फोटो मागून घेतले आणि कामाचा ठरला तो हातगाडीवाला. त्याच्या उंचीवरून तिने सांध्याचं माप काढलं. आमच्या झाडून काढलेल्या फोटोंत मापाला धरायला काहीच नव्हतं. मामेभाऊ दोन दिवस गप्प होता.

खराटा अजून चालतो, पण सिमेंट आणि खोक्यांपुरताच. माणसं, चपला, सायकली यांवर आता आमची साइटवरच वादावादी होते, आणि बहुतेकदा आर्किटेक्ट एका बाजूला नि आम्ही दुसऱ्या. गेल्या महिन्यात कोकणात एका घराचं काम होतं. फोटोवाले येणार म्हणून काकूंनी मागच्या पडवीतली वाळत घालायची दोरीच काढून ठेवली होती. आम्ही ती परत बांधायला सांगितली. आर्किटेक्टचं तोंड वाकडं झालं. काकू मात्र आत वळता वळता म्हणाल्या, “मग थांबा हो जरा, बऱ्यातली साडी तरी भिजवून आणते.”